मी बसले की तो जेवायचा

आमच्या घरी कुत्रा पाळायचं कधी ठरलं नव्हतं. रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात माय, बाबा आणि मी. बाबा अजनीच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. इंजिनाची राख काढायची, भट्टी साफ करायची, जे सांगतील ते ओढायचं, उचलायचं. घरी आले की ते आधी अंगणातल्या दगडावर बसून हातपाय घासायचे, तरी कानामागची काजळी कधी पुरती गेली नाही. मी मॅट्रिकला एकदा नापास होऊन घरीच बसले होते. शिवण शिकायचं चाललं होतं, म्हणजे चाललं आहे असं सगळे म्हणायचे.

एका दुपारी बाबा शेडवरून आले ते उघडेच. अंगातला खाकी सदरा गुंडाळून त्यांनी पोटाशी धरला होता. मला वाटलं हात भाजला. त्यांनी सदरा ओट्यावर उलगडला तर आत तीनेक महिन्यांचं पिल्लू. मानेपासून शेपटीपर्यंत पाठ लाल, केस गळून पडत होते, आणि आवाज अजिबात नाही. रडत असतं तर बरं वाटलं असतं.

माय म्हणाली, "मराले आणलं काय हे घरी?"

"मरू दे मंग," बाबा म्हणाले. "पण तिथं फाटकात नको."

शेडच्या फाटकाजवळ चहाची टपरी होती. टपरीच्या मागे खरकट्यात तोंड घालून ते खात होतं आणि टपरीवाल्याने वरून उकळतं पाणी ओतलं होतं. बाबांनी ते पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत ते तीन-चारदा एकच वाक्य बोलले, "मान खाली घालून जेवून राहिलं होतं वं ते. त्याले समजलंबी नाई कोनं टाकलं."

चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल फेटून मी त्याच्या पाठीला लावू लागले. दुसरं कोणतं काम नव्हतं म्हणून ते माझ्याकडे आलं, त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. तीन दिवस त्याने काही खाल्लं नाही. दुधात भिजवलेली भाकरी समोर ठेवली की ते वाकायचं, मग झटकन मागे पाहायचं, आणि सरकत भिंतीला पाठ लावून बसायचं. पण पाठ भिंतीला टेकली की दुखायची, म्हणून परत पुढे यायचं. भिंत आणि ताटली यांच्यामध्ये ते असं येरझाऱ्या घालत राहायचं. चौथ्या दिवशी मला ते पाहवेना. मी त्याच्या मागे उकिडवी बसले, जिथे कातडी बरी होती तिथे शेपटीजवळ हात ठेवला. त्याने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि खायला लागलं. सगळं संपवलं. मग ताटली चाटता चाटता घरभर नेली.

तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. नापास झाल्यापासून माझ्यामुळे घरात काही चांगलं झालं असं ते पहिलंच होतं.

त्याला नाव ठेवायचं नाही असं बाबांचं म्हणणं. नाव ठेवलं की घरचा होतो, आणि घरचं झालं की मेल्यावर त्रास होतो. म्हणून आम्ही यू यू करूनच बोलवत राहिलो. तो जगला, वाढला, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांनी केस आले, मधली जागा मात्र कायम उघडी राहिली. पण जेवायची ती पद्धत काही बदलली नाही. मी मागे बसल्याशिवाय तो तोंड लावायचा नाही. मी उठले की तोंडातला घास खाली ठेवायचा. मायने एकदा माझं लुगडं पांघरून मागे बसून पाहिलं. त्याने वास घेतला, आणि बिचारा तिचा मान राखल्यासारखं शेपूट हलवून बाजूला जाऊन बसला.

माझी मावशी रामटेककडे राहायची, तिची धानाची शेती होती. रोवणीच्या वेळी मी तिच्याकडे चार दिवस गेले. परत आले तर तो दारात उभा, पोट पाठीला लागलेलं. चार दिवसांत पाण्याशिवाय काही नाही. मला पाहून तो ताटलीकडे धावला, ताटलीत काही नव्हतं तरी तिच्यासमोर उभा राहून मागे वळून पाहू लागला. बाबा हसले. "मोठं हट्टी जनावर हाय गा हे," म्हणाले. आम्ही सगळेच हसलो. शेजारपाजारच्या बायांना बोलवून मी ती गंमत दाखवायची. बघा, मी बसते, बघा, मी उठते. तो खायचा, थांबायचा, परत खायचा. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. पण तेव्हा ती गंमतच होती.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. स्थळ नागपूरचंच, जरीपटक्याच्या पलीकडचं. सासरे सरकारी कचेरीत कारकून, मुलगा औषधाच्या दुकानात नोकरीला, स्वतःचं पक्कं घर. खलाशाच्या पोरीला असं घर मिळालं म्हणून आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत बाबांचा भाव वाढला होता. लग्नाला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत साड्या, भांडी, मांडव, पंगत, सगळ्याचा विचार झाला. कुत्र्याचं काय, हे एकदाच निघालं. माय म्हणाली, "भूक लागली का खाईन चुपचाप." मला ते पटलं. म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं.

वैशाखात, पांढऱ्या साडीत, माझं लग्न झालं. पाचव्या दिवशी बाबा मला न्यायला आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "पोरी, त्यानं पाच दिवसांत काईच नाई खाल्लं." मी माहेरी दोन दिवस राहिले, तो दोन दिवस जेवला. परत सासरी गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला दारात सायकलची घंटा वाजली. बाहेर बाबा, आणि सायकलच्या दांडीला सुतळीने बांधलेला तो. अजनीहून सीताबर्डी, सदर, कडबी चौक असं करत सायकल हातात धरून ते चालत आले होते. वैशाख संपता संपता नागपूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. डोक्याला पंचा, त्यात कांदा. हातात काठी, कारण वाटेत प्रत्येक गल्लीची कुत्री अंगावर यायची. पिशवीतून त्यांनी जर्मनची ताटली काढली, भाकरी कुस्करली.

"बस वं जराशी," म्हणाले.

मी डोक्यावरचा पदर सावरून घरामागच्या न्हाणीजवळ बसले. तो जेवला. बाबा भिंतीला टेकून त्याच्याकडे पाहत होते. जेवण झाल्यावर ताटली धुऊन, सासऱ्यांना जयभीम घालून, ते आले तसे गेले. पाणीसुद्धा जेमतेम प्यायले.

असं आठवड्यातून दोनदा, तीनदा होऊ लागलं. बाबांची पाळी सकाळची असली की ते यायचे. पाळी बदलली की तो उपाशी राहायचा. मधे मधे बाबांसमोर चार घास खाल्ले तर खायचा, नाहीतर तेही नाही. पण या फेऱ्यांवर तो तगला होता.

सासरी पहिले काही दिवस कौतुक झालं. मग शेजाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली. सासरे वाईट माणूस नव्हते, पण त्यांना लोकांचं फार होतं. गरिबीतून वर आलेल्या माणसाला असतं तसं. एका दिवशी त्यांनी बाबांना बैठकीत बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "इवाई, वाईट वाटून घेऊ नका. पण दर दोन दिवसांनी पोरीचा बाप कुत्रं घेऊन दारात उभा राहतो. लोक म्हणतात पोरीला काही त्रास आहे म्हणून पाहायला येतो. आमच्या घराचं नाव जातं."

बाबांनी बशीतला चहा संपवला. "नाई येनार," एवढंच बोलले.

त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, इथेच ठेवून घेतला तर? मागच्या न्हाणीजवळ बांधू. तो म्हणाला, "आईला चालणार नाही." मी म्हटलं, मग मी दर चार दिवसांनी अजनीला जाऊन येऊ? त्याने दिवा मालवला. "थोडे दिवस जाऊ दे," म्हणाला. "कुत्रं आहे ते. होईल सवय." तो हे प्रेमाने म्हणाला. माझा नवरा माझ्याशी आयुष्यात कधी मोठ्या आवाजात बोलला नाही. म्हणूनच हे लिहिणं मला कठीण जातं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. चारला पाणी यायचं. घागरी भरायचं काम माझं. बाबा घरी येणं बंद झाल्यावर आठवडाभराने मी नळावर गेले, तर समोरच्या कडुनिंबाखाली सायकल उभी होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते दुसरीकडेच पाहत होते, जणू कोणाची वाट पाहत आहेत. ताटली मात्र कुत्र्यासमोर ठेवलेली. तो माझ्याकडे पाहत होता.

मी घागर नळाखाली लावली, रांगेतल्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि झाडाखाली जाऊन बसले. तो जेवायला लागला. माझा हात त्याच्या पाठीवर. बरगड्या मोजता येत होत्या. बाबांनी पिशवीतून दुसरी भाकरी काढली. त्या वर्षी रेशनवर लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी, वर ठेचा.

"तूबी खा," ते म्हणाले.

"मी जेवली ना बाबा."

"खा म्हणलं नं."

मी खाल्ली. सासरी कोणी मला उपाशी ठेवत नव्हतं. पण सगळ्यांचं झाल्यावर चुलीपुढे एकटीने बसून जेवायचं, त्यात दोन घासांपुढे माझं जायचं नाही. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी पाहिलं, कसं ओळखलं, कोण जाणे.

सगळा पावसाळा आणि अर्धा हिवाळा हे चाललं. पावसात बाबा डोक्यावर पोतं घेऊन यायचे. बोलणं फार नसायचं. माय कशी आहे, शेडमध्ये काय चाललं आहे, बस्स. मला दिवस गेल्याचं मी त्यांना तिथेच, कडुनिंबाखाली सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खेपेला भाकरीबरोबर गुळाचा खडा आणला.

नळावरच्या बायांना सगळं माहीत झालं होतं. काही जणी हळहळायच्या, काही हसायच्या. "आला वं तुहा बाप, आलं तुहं लेकरू," असं म्हणायच्या. कोणीतरी ते सासूबाईंच्या कानावर घातलं.

तो दिवस पौषातला. थंडी होती. रविवार असल्यामुळे नवरा घरी होता. मी झाडाखाली बसले होते, तो जेवत होता, बाबा नेहमीसारखे दुसरीकडे पाहत होते. सासूबाई गल्लीतून येताना दिसल्या, मागे नवरा. सासूबाईंचा आवाज चढला. घराची अब्रू वेशीवर टांगली, चोरून भेटी चालतात, पोटुशी बाई कुत्र्याला शिवून पाणी भरते. नळावरची रांग वळून पाहू लागली. कोणीतरी फिसकन हसलं.

मी उठले नाही. बसून राहिले, खाली मान घालून. सासूबाई म्हणाल्या, "पाह्यतं काय, हाकल नं त्याले!" नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याला काहीतरी करणं भाग होतं, एवढी माणसं पाहत होती. नळाखाली बादली भरलेली होती. त्याने ती उचलली.

मान वळवून मी ते पाहिलं. हेच मला सांगायचं आहे. तो बादली उचलतो आहे, तो तीन पावलं चालतो आहे, तो माझ्या मागून येतो आहे, हे सगळं मी पाहिलं. "नको" म्हणायला एवढा वेळ पुरेसा होता. एक शब्द होता. कुत्र्याची मान खाली होती, माझा हात त्याच्या पाठीवर होता, आणि मी हात काढून घेतला. साडी भिजेल म्हणून. खरंच, त्या क्षणी माझ्या मनात साडीच आली.

पाणी थंडगार होतं. कोणालाही काही इजा होणार नाही असं. ते त्याच्या पाठीवर पडलं आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. जळलेलं पिल्लू होता तेव्हाही तो ओरडला नव्हता. ताटली उलटली. तो झाडाच्या बुंध्याला पाठ लावून थरथरत उभा राहिला, आणि आधी बादलीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

बाया हसत होत्या. पाणीच तर होतं.

बाबांनी सायकल स्टँडवर नीट उभी केली. ताटली उचलून पुसली, पिशवीत ठेवली. पंचाने त्याचं अंग पुसलं. मग माझ्या नवऱ्यासमोर येऊन हात जोडून म्हणाले, "जावाईबापू, पान्यापासून कोनाले हाकलू नोका."

बाबांच्या लहानपणी त्यांच्या गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढू देत नसत. हे माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं, सासऱ्यांनाही, नळावरच्या प्रत्येकीला माहीत होतं. हसणं थांबलं. बाबा त्याला घेऊन निघाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं की नाही ते मला सांगता येत नाही, कारण मी पाहत नव्हते. मी घागर डोक्यावर घेऊन घरी गेले.

दोन दिवसांनी मी नळावर वाट पाहिली. नंतरच्या दोन दिवसांनी पुन्हा. मला वाटलं बाबा रागावले आहेत. मग वाटलं, बरंच झालं, आता घरात शांतता राहील. असंही वाटलं, हे लपवून काय उपयोग. महिना गेला. माहेरून कोणी आलं नाही, चिठ्ठी नाही. मी नवऱ्याला एकदाही म्हटलं नाही की मला अजनीला सोड. म्हटलं असतं तर त्याने सोडलं असतं असं मला आज वाटतं. त्या दिवसापासून तोही माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी गेले नाही, कारण तिथे काय पाहावं लागेल ते मला ठाऊक होतं.

सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माय मला न्यायला आली. एकटी आली, बाबा नाहीत. तिने माझं गाठोडं रिक्षात ठेवलं. रिक्षा कडबी चौकाच्या पुढे गेल्यावर म्हणाली, "तुह्या बाबाले लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीभबी गेली."

"कधी?"

"झाला महिना."

"मले काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू?" माय म्हणाली. "तुले तिथून सोडतीन का नाई, तेबी नाई मालूम. पोटुशी बाई, उगीच रडत बसली असती."

मग मी त्याच्याबद्दल विचारलं. तो त्या नळावरच्या दिवसानंतर अकरा दिवस जगला. पहिले आठ दिवस पाणी प्यायचा, पण वाडग्यात तोंड घालताना इतका घाबरायचा की मग तेही सोडलं. बाबांनी रजा काढली होती. ते त्याच्या मागे बसायचे, अगदी मी बसायची तसे, उकिडवे, शेपटीजवळ हात ठेवून. तासन्‌तास. मायने दूध आणलं, कोणीतरी सांगितलं म्हणून मटणाचं पाणी आणलं. बाबा बोटाने त्याच्या ओठांना लावायचे, तो चाटायचा नाही. ते त्याच्याशी बोलायचे. मायने ऐकलं होतं, "मी हाय नं मांगं. मी कुठीबी नाई जात. खा." शेवटच्या दिवशी बाबा शेडमध्ये रजा वाढवून घ्यायला गेले तेवढ्यात तो गेला. मायने त्यांना येऊ दिलं, मग सांगितलं. रुळांच्या पलीकडे त्यांनी त्याला पुरला. त्यानंतर कामावर जाऊ लागले, पण शेडमध्ये दोनदा डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर ऐकलं नाही. तिसऱ्यांदा पडले ते उठलेच नाहीत.

मी घरी पोचले तेव्हा बाबा खाटेवर होते. ओठ एका बाजूला ओढलेला, डावा डोळा माझ्यावर. माझं मोठं झालेलं पोट पाहून त्यांनी डावा हात उचलला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "बाबा, माझं चुकलं. मी काई बोलली नाई." त्यांच्या घशातून आवाज आला. तो शब्द होता की नुसता श्वास, मला कळलं नाही. नंतर जवळजवळ सव्वा वर्ष ते तसेच होते. माझी मुलगी त्यांच्या खाटेला धरून उभं राहायला शिकली. मी मधून मधून येऊन चार-आठ दिवस राहायची, त्यांना पेज भरवायची, पुसायची. दर वेळी मला वाटायचं, आज ते मला माफ केलं असं काहीतरी दाखवतील. किंवा रागावले आहेत असं तरी दाखवतील. दोन्हींपैकी काही झालं नाही. त्यांचा डोळा नुसता माझ्यावर असायचा. त्यात काय होतं ते मी आजही सांगू शकत नाही.

बाबा गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. माय मावशीकडे गेली. मी संसार केला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं, आणि मनात राग ठेवून केलं नाही. राग धरायला माझ्याकडे जागाच नव्हती. बादली नवऱ्याने उचलली, पण हात मी काढून घेतला होता. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एकदाच बोललो, दहा-बारा वर्षांनी. तोच म्हणाला, "मला माहीत नव्हतं त्याला पाण्याची भीती आहे ते." मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. पाठ कशाने भाजली हे त्याने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

सासू-सासरे गेल्यावर आम्ही मनीषनगरकडे लहानशी जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. तेव्हा तिकडे तुरळकच घरं होती, बाकी मोकळी शेतं. मायला मी तिथे आणलं. शेजारी जनावरांचे एक डॉक्टर राहायचे, नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. संध्याकाळी नवऱ्याशी गप्पा मारायला यायचे. एकदा असंच कोणाच्यातरी कुत्र्याचं बोलणं निघालं. मालक गावाला गेला की तो खात नाही म्हणून लोक त्यांच्याकडे घेऊन आले होते.

"काही कुत्र्यांचं असतं तसं," डॉक्टर म्हणाले. "खाताना मान खाली जाते, पाठ उघडी पडते. त्या वेळी त्यांना ज्याच्यावर भरवसा आहे तो माणूस जवळ लागतो. लहानपणी खाताना मार बसला असेल तर फारच. काहींना भीती नसते, नुसतं एकटं खायला आवडत नाही. आपलं माणूस दिसलं नाही की त्यांची भूकच मरते."

मी चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होते. विचारलं, "मग त्यावर इलाज काय?"

"इलाज कसला? सोपं आहे. दुसऱ्या माणसाची सवय लावायची. आधी दोघांनी मिळून बसायचं. मग पहिल्या माणसाने रोज एक पाऊल मागे सरकायचं. दुसऱ्याने जागेवरच बसायचं. घाई करायची नाही. तीन-चार आठवड्यांत जमतं. फार झालं तर दोन महिने."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने कप उचलला आणि पावसाचं काहीतरी काढलं.

लग्न ठरल्यापासून ते होईपर्यंत दोन महिने होते. माय होती, बाबा होते, मी होते. रोज एक पाऊल. अजनीचं आमचं अंगण सात-आठ पावलांचंच होतं.

मायला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तिने आतून ऐकलं होतं. तिला आता नीट दिसत नसे, कान मात्र शाबूत होते. डॉक्टर गेल्यावर तिने मला हाक मारली. मी खाटेच्या कडेला बसले.

"एवढंच होतं काय वं?" तिने विचारलं.

"हो."

"मी तं बसली होती त्याच्या मांगं. तुहं लुगडं घेऊन बसली होती." ती माझ्याकडे वळली. "मंग आपल्याले काहून नाई कोनं सांगतलं तवा?"

 कोण सांगणार होतं? आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं. कुत्रं जेवत नाही म्हणून डॉक्टरकडे जायचं असतं, हे आमच्या लाइनीत कोणाच्या डोक्यात आलं नसतं. तिथे माणसांसाठीही डॉक्टर सगळ्यात शेवटी यायचा. बाबा दोनदा पडले तेव्हाही आला नव्हता. माय उत्तराची वाट पाहत बसली होती, आणि मीही तिच्याजवळ तशीच बसून राहिले.